खरखरीतला शब्द आणि ज्ञानाचे प्रामाण्य

ज्ञान होताच ते खरे आहे हेही कळते, की त्याचा खरेपणा नंतर दुसऱ्या एखाद्या गोष्टीवरून ताडून पाहावा लागतो? भारतीय दर्शनांमध्ये या प्रश्नावर शतकानुशतके वाद झाला आणि त्याला प्रामाण्यवाद असे नाव पडले. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. ते उत्पन्न झाले की त्यावर विश्वास ठेवावा. पुढे त्याला बाध आणणारे दुसरे ज्ञान झाले किंवा ज्या साधनाने ते झाले त्या साधनातच दोष आढळला, तरच ते सोडून द्यावे. सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिल भट्टांनी ‘श्लोकवार्तिका’त हा पक्ष तपशीलवार मांडला. नैयायिकांना तो मान्य नाही. खरे आणि खोटे ज्ञान पहिल्या क्षणी सारखेच दिसते, म्हणून खरेपणा ‘परतः’, म्हणजे बाहेरून ठरतो, असे ते म्हणतात. दुरून पाणी दिसले, तिथवर चालत गेले आणि तहान भागली, तर ते पाणीच होते हे सिद्ध झाले. चौदाव्या शतकात गंगेशोपाध्यायांच्या ‘तत्त्वचिंतामणी’त या वादाला स्वतंत्र प्रकरण मिळाले.

हा वाद आजही जिवंत आहे, आणि तो एका छोट्याशा यंत्रासमोर बसून अनुभवता येतो. संगणक, हाताच्या बोटाएवढे डोंगल आणि तारेचा अँटेना एवढ्या सामग्रीवर हौशी रेडिओचे डिजिटल संदेश वाचण्याची व्यवस्था उभी राहते. स्पीकरमधून फक्त खरखर येत असते. पडद्यावर मात्र दर पंधरा सेकंदांनी ओळी उमटतात: अमुक कॉलसाइनचे, म्हणजे अमुक ओळख-अक्षरांचे केंद्र, पृथ्वीच्या नकाशावरच्या अमुक चौकोनातून, सर्वांना साद घालत आहे. कानाला जे ऐकू येत नाही ते यंत्राने वाचले. मग ‘ऐकले’ असे म्हणण्याचा अधिकार नेमका कधी मिळतो?

या प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न आहेत. लहर खरोखर आली होती का? तिच्यातून वाचलेला संदेश पाठवणाऱ्याने पाठवलेलाच आहे का? आणि तो संदेश जे सांगतो ते खरे आहे का? तिन्हींची उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात. ती एकमेकांत मिसळली की गोंधळ होतो, आणि वेगळी ठेवली की मीमांसक व नैयायिक या दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी कसे बसते ते दिसते. प्राचीनांना रेडिओ ठाऊक होता असा याचा अर्थ नाही. त्यांनी जाणण्याच्या क्रियेचा विचार इतक्या बारकाईने केला, की जाणण्याची नवी रीत निघाली तरी तो विचार तिला लागू पडतो, एवढाच मुद्दा आहे.

साधन आणि साधनाचे दोष

जुन्या रेडिओत लहर निवडणे, गाळणे आणि तिचा आवाज करणे ही सगळी कामे कॉइल, कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर करत. सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओत अँटेनाकडून आलेला सूक्ष्म विद्युतदाब होईल तितक्या लवकर आकड्यांत बदलतात आणि पुढचे काम गणितावर सोपवतात. २०१२च्या सुमारास असे लक्षात आले, की टीव्ही पाहण्यासाठी विकल्या जाणाऱ्या, आरटीएल२८३२यू ही चिप असलेल्या डोंगलमधून हे कच्चे आकडे थेट बाहेर काढता येतात. तेव्हापासून ‘आरटीएल-एसडीआर’ या नावाने ते जगभरच्या हौशी मंडळींच्या टेबलांवर आले. असे डोंगल सेकंदाला २४ लाख नमुने सहज देते. प्रत्येक नमुना म्हणजे दोन आकड्यांची जोडी असते, एक लहरीशी जुळता आणि दुसरा पाव आवर्तनाने सरकलेला. प्रत्येक आकडा आठ बिटांचा, म्हणजे २५६ पायऱ्यांपैकी एक.

डिजिटल संदेशांपैकी आज सर्वाधिक वापरात असलेल्या पद्धतींमध्ये एफटी८ अग्रभागी आहे. २० मीटर बँडवर ती १४.०७४ मेगाहर्ट्‌झला ऐकू येते. तिच्यासाठी सुमारे दहा मीटर तारेचा डायपोल पुरतो: मधोमध केबल जोडायची आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटरचे हात ताणायचे. साध्या डोंगलचा ट्यूनर सुमारे २४ मेगाहर्ट्‌झच्या खाली उतरत नाही. म्हणून एक तर लहर वर उचलून देणारा अपकन्व्हर्टर मध्ये घालतात, नाहीतर ट्यूनरला वळसा घालून लहर सरळ चिपकडे नेतात. नंतर जीक्यूआरएक्स किंवा एसडीआर++ यांसारख्या प्रोग्रॅममध्ये अप्पर साइडबँड निवडतात, सुमारे तीन किलोहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा घेतात आणि त्याचा आवाज व्हर्च्युअल ऑडिओ केबलमधून डब्ल्यूएसजेटी-एक्स या डीकोडरकडे पाठवतात. संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरच्या प्रमाणवेळेशी एका सेकंदाच्या आत जुळलेले ठेवतात. कानाला बरे वाटावे म्हणून असलेले नॉइज रिडक्शन बंद करतात, कारण ते खरखरीबरोबर क्षीण लहरही पुसून टाकते.

मांडणी करताना होणारी जवळजवळ प्रत्येक चूक ही मीमांसकांच्या भाषेत ‘कारणदोष’ असते. स्वस्त डोंगलमधला स्फटिक दहा लाखांत पन्नास भागांनी चुकला, तर १४.०७४ मेगाहर्ट्‌झवर सुमारे ७०० हर्ट्‌झचा फरक पडतो. एफटी८चा एक संदेश अवघ्या ५० हर्ट्‌झ रुंदीत मावतो हे लक्षात घेतले, तर हा फरक किती मोठा आहे ते कळते. गेन फार वाढवला की जवळच्या जोरकस लहरी चिपमध्ये एकमेकींत मिसळतात आणि जिथे काहीच नाही तिथे रेषा दिसू लागतात. शेजारच्या खोलीतला एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, सोसायटीचा इन्व्हर्टर यांची गुरगुर अँटेना इमानाने उचलतो. यातले काहीच कानाने किंवा डोळ्याने ‘खोटे’ म्हणून ओळखू येत नाही. दोष साधनात शोधावा लागतो.

एक दोष जवळून पाहण्यासारखा आहे. ट्यूनरला वळसा घालून लहर थेट चिपकडे नेली, की चिप सेकंदाला २ कोटी ८८ लाख वेळा तिचे माप घेते. गणिताचा नियम असा की या आकड्याच्या अर्ध्याहून, म्हणजे १४.४ मेगाहर्ट्‌झहून वरची लहर आरशात दिसावी तशी खाली उलटते. म्हणून १४.७२६ मेगाहर्ट्‌झला कोणी बोलत असेल, तर ते बोलणे १४.०७४ला उमटते. पडद्यावरची रेषा ठळक असते, ती हलते, थांबते, जिवंत दिसते. आणि ती आहेच. तिथे मात्र नाही.

नैयायिकांनी भ्रमाची जी उपपत्ती दिली तिला अन्यथाख्याति म्हणतात. शिंपल्यावर चांदी दिसते तेव्हा चांदी ही कल्पनेतून निर्माण झालेली वस्तू नसते. दुसरीकडे कुठेतरी असलेली खरी चांदी इथे असल्यासारखी भासते. वस्तू खरी असते, जागा चुकते. आरशात उलटून आलेली लहर हे या उपपत्तीचे इतके नेमके उदाहरण आहे, की विद्यार्थ्याला अन्यथाख्याति समजावताना शिंपल्याऐवजी ती दाखवता यावी. उपायही त्याच विचारातून निघतो. ‘हे दिसते ते आहे का’ असे विचारून भागत नाही, ‘हे दिसते ते कुठले आहे’ असे विचारावे लागते. मग अँटेना आणि डोंगल यांच्यामध्ये वरच्या वारंवारता अडवणारा फिल्टर बसवतात आणि तो पुरेसा तीक्ष्ण असेल तर रेषा नाहीशी होते.

गोंगाट कुठून मोजायचा

एफटी८ ही पद्धत २०१७ मध्ये स्टीव्ह फ्रँके आणि जो टेलर यांनी तयार केली. नावातली दोन अक्षरे त्यांच्या आडनावांची आहेत आणि आठ हा सुरांचा आकडा आहे. टेलर हे खगोलशास्त्रज्ञ. १९७४ मध्ये रसेल हल्स यांच्यासह त्यांनी जोडीने फिरणारा पहिला पल्सार, म्हणजे ठोक्यांसारख्या नियमित रेडिओलहरी देणारा तारा, शोधला आणि त्यासाठी दोघांना १९९३चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पल्सारचा एकेक ठोका बहुधा खरखरीत बुडालेला असतो. तो किती वेळाने परत येणार हे ठाऊक असेल तर हजारो ठोके एकावर एक रचता येतात. खरखर एकमेकीला खोडते आणि ठोका वर येतो. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. तिथेही पल्सारांचा अभ्यास याच तत्त्वावर चालतो, आणि रेडिओचा गोंगाट कमी असलेली जागा म्हणून तो परिसर निवडला गेला. आकाशातल्या क्षीण ठोक्यांवर आयुष्य घालवलेल्या माणसाने पृथ्वीवरच्या क्षीण सादेसाठी ही पद्धत रचली.

तिच्याबद्दल नेहमी असे सांगतात, की ती गोंगाटाच्या खालचे संदेश वाचते. पडद्यावर एखाद्या ओळीपुढे उणे २० हा आकडा दिसतो. याचा अर्थ, २,५०० हर्ट्‌झच्या पट्ट्यात जेवढा गोंगाट आहे त्याच्या शंभराव्या भागाएवढीच लहरीची शक्ती आहे. हे ऐकून चमत्कार वाटतो. पण एफटी८ एका वेळी एकच सूर पाठवते आणि शेजारशेजारच्या सुरांमध्ये ६.२५ हर्ट्‌झचे अंतर असते. डीकोडर त्या पूर्ण पट्ट्याकडे न पाहता ६.२५ हर्ट्‌झच्या एकेका फटीत डोकावतो. फट पट्ट्याच्या चारशेव्या भागाएवढी. म्हणून तिच्यात गोंगाटही चारशेवा भागच शिरतो. लहर मात्र पूर्ण तिच्यातच असते. शंभरावा भाग चारशेव्या भागाशी ताडला, तर लहर गोंगाटाच्या चौपट भरते. जी पट्ट्यात बुडाली होती ती फटीत डोके वर काढून उभी आहे.

यातून पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे लहर होती का या प्रश्नाचे उत्तर देण्याची रीत कळते. ‘गोंगाट’ ही वस्तूच्या अंगची गोष्ट नाही. कुठे आणि किती अरुंद कान लावायचा हे न ठरल्याने जे शिल्लक राहते त्याचे ते नाव आहे. पण कान कुठे लावायचा हे आधी ठाऊक असावे लागते. एफटी८मध्ये ते दोघांनी आधीच ठरवलेले असते: प्रत्येक खिडकी १५ सेकंदांची, संदेश १२.६४ सेकंदांचा, त्यात ७९ सूर, आणि सुरुवातीला, मध्ये व शेवटी सात-सात सुरांचा एक ठरलेला क्रम. जॉन कोस्टास यांच्या नावाने ओळखली जाणारी ही मांडणी अशी असते, की ती थोडी जरी सरकवली तरी स्वतःशी जुळत नाही. तीन ठिकाणी ती जुळली, की इथे कोणीतरी मुद्दाम काहीतरी पाठवले आहे असे अनुमान करता येते. धूर दिसला म्हणून अग्नीचे अनुमान करावे तसे हे आहे, आणि त्यामागची व्याप्ती, म्हणजे खूण आणि वस्तू यांचे अटळ साहचर्य, निसर्गाने दिलेली नसून माणसांनी आपसांत ठरवलेली आहे. नैयायिक शब्द आणि अर्थ यांचा संबंध संकेताने होतो असे मानतात. एफटी८ हा तसाच एक संकेत आहे, आणि तो ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी बँडवर फक्त बारीक शिट्ट्या आहेत.

संशयापासून निर्णयापर्यंत

आता दुसरा प्रश्न. लहर आहे हे मान्य. तिच्यातून नेमके काय वाचायचे? ७९ सुरांपैकी २१ ओळख पटवण्यात गेले. उरलेल्या ५८ सुरांपैकी प्रत्येक सूर आठांपैकी एक, म्हणजे तीन बिटांचा. एकूण १७४ बिट. मूळ संदेश मात्र ७७ बिटांचाच असतो. त्याला १४ बिटांची पडताळणीची बेरीज जोडतात, ९१ होतात. उरलेले ८३ बिट नवीन काहीच सांगत नाहीत. तेच पुन्हा वेगळ्या जुळणीने सांगतात. रॉबर्ट गॅलागर यांनी १९६०च्या प्रबंधात मांडलेल्या संकेतप्रणालीतून ही रीत आली आहे.

डीकोडर या १७४ बिटांबाबत घाईने निवाडा करत नाही. हा बिट एक आहे की शून्य असे विचारण्याऐवजी तो एक असण्याकडे कल किती, याची नोंद ठेवतो. काहींबाबत तो जवळजवळ निश्चित असतो, काहींबाबत अगदी अधांतरी. मग ८३ नियम एकेक करून सांगतात, की अमुक बिटांची बेरीज सम आली पाहिजे. ज्या बिटांबाबत खात्री आहे ते अधांतरी बिटांना आपल्या बाजूला ओढतात, ते पुढे आणखी कुणाला, आणि अशा अनेक फेऱ्यांनंतर सगळे नियम एकाच वेळी पाळले जातात किंवा शेवटपर्यंत पाळले जात नाहीत. न्यायशास्त्राच्या सोळा पदार्थांमध्ये संशयाला प्रमाण आणि प्रमेय यांच्या मागोमाग जागा दिली आहे आणि तर्कानंतर निर्णय ठेवला आहे. संशय हा तिथे विचाराचा शत्रू नसून आरंभ मानला जातो. जो लवकर निवाडा करतो तो संशयात दडलेली माहिती फेकून देतो. चांगला डीकोडर संशय जपून ठेवतो, म्हणूनच अखेरीस योग्य निर्णयाला पोचतो.

आणि तो पोचतो तेव्हा पूर्ण पोचतो. अर्धा संदेश कधीच मिळत नाही. मोर्समध्ये एकेक अक्षर कानावर पडते आणि एखादे हुकले तरी बाकीची हाती राहतात. एफटी८मध्ये पूर्ण कॉलसाइन २८ बिटांच्या एका संख्येत बांधलेला असतो, त्यातल्या कुठल्याही अक्षराचा स्वतःचा सूर नसतो. वाक्याचा बोध अक्षराअक्षराने जमत जातो, की एकदम होतो, याविषयीही जुना वाद आहे. मीमांसक शबरस्वामींच्या मते आधीच्या वर्णांचे संस्कार मनात साचतात आणि शेवटच्या वर्णाबरोबर अर्थ कळतो. ‘वाक्यपदीय’ लिहिणारे भर्तृहरी म्हणतात, वाक्य अखंड आहे, ध्वनी क्रमाने येतात आणि अर्थ अखेरीस एकदम स्फुरतो. डीकोडरमध्ये दोन्ही गोष्टी दिसतात. पंधरा सेकंदांच्या खिडकीत डोंगलमधून ३ कोटी ६० लाख नमुन्यांच्या जोड्या, म्हणजे ७ कोटी २० लाख बाइट आलेले असतात. त्यांतले तीन किलोहर्ट्‌झच्या आवाजापुरते उरलेले सार साठवले जाते. हे शबरस्वामींच्या संस्कारांसारखे. मग काही क्षण पडदा स्तब्ध राहतो आणि ७७ बिटांचे वाक्य अखंड उमटते. त्या स्तब्धतेनंतरची ओळ पाहताना भर्तृहरींना काय म्हणायचे असावे याची कल्पना येते.

अपेक्षेचे बळ आणि तिचा धोका

वाक्याचा अर्थ कळण्यासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी लागतात, असे नैयायिक सांगतात. ‘आण’ म्हटल्यावर काय आणायचे याची अपेक्षा उरते, ती आकांक्षा. ‘आगीने शिंपडतो’ असे म्हटले तर अर्थ जुळत नाही, कारण शिंपडण्याची योग्यता पाण्यात आहे, आगीत नाही. पदे जवळजवळ उच्चारली जाणे म्हणजे संनिधी.

डब्ल्यूएसजेटी-एक्स आकांक्षेचा उघड वापर करतो. एखाद्याला साद घालून उत्तराची वाट पाहणाऱ्या केंद्राच्या डीकोडरला पुढच्या खिडकीत स्वतःचा कॉलसाइन येण्याची अपेक्षा असते. तो ते बिट आधीच गृहीत धरून बाकीचे जुळतात का हे पाहतो आणि त्यामुळे आणखी काही डेसिबल क्षीण असलेला संदेशही हाती लागतो. माणूसही असेच ऐकतो. स्टेशनच्या कोलाहलात ज्याची वाट पाहत आहोत त्या माणसाची हाक बरोबर कानावर येते.

पण वाट पाहणाऱ्याला पाऊल वाजल्याचे भासही होतात. अपेक्षा जितकी प्रबळ, तितका पुरावा कमी लागतो, आणि तितकी चूक सोपी होते. म्हणून हा प्रोग्रॅम गृहीत धरून वाचलेल्या ओळीपुढे एक खूण करतो आणि खात्री कमी असेल तर प्रश्नचिन्ह ठेवतो. ही छोटीशी खूण म्हणजे ज्ञानव्यवहारातली एक मोठी शिस्त आहे. जे पाहिले आणि जे गृहीत धरले, त्यांच्यातली सीमारेषा ज्ञानाबरोबरच पुढच्या माणसाकडे जाते. हीच शिस्त इतिहासकाराने, वैद्याने आणि बातमीदाराने पाळली, तर समाजातले किती वाद सुरूच होणार नाहीत.

खोटे डीकोड

सगळे नियम पाळले जाऊनही संदेश खोटा असू शकतो का? असू शकतो. पडताळणीच्या बेरजेला १४ बिट आहेत, म्हणजे १६,३८४ शक्यता. निव्वळ खरखरीतून सगळ्या नियमांत बसणारा एखादा नमुना निघाला, तर ती बेरीजही योगायोगाने जुळण्याची शक्यता १६,३८४मध्ये एक. ही फार लहान वाटते. पण दिवसात अशा ५,७६० खिडक्या येतात आणि प्रत्येकीत डीकोडर अनेक उमेदवार तपासतो. तेव्हा महिनोन्‌महिने चालू असलेल्या केंद्रावर अधूनमधून अशी एक ओळ उमटतेच.

ती दिसते कशी? विस्कटलेली अक्षरे दिसली असती तर प्रश्नच नव्हता. पण ७७ बिटांत जागा वाया जाऊ नये म्हणून संदेश इतका घट्ट बांधलेला आहे, की बिटांची बहुतेक कुठलीही जुळणी काही ना काही कॉलसाइन दाखवतेच. खोटी ओळ खऱ्यासारखी नीटनेटकी असते. एका दूरच्या बेटावरचे केंद्र, दुसऱ्या खंडातल्या कोणालातरी उत्तर देत आहे, आणि चौकोन मात्र भलत्याच महासागरात. नवशिक्याचे हृदय धडधडते, कारण दुर्मीळ केंद्र ऐकल्याचा आनंद त्याने आधीच भोगलेला असतो.

इथे योग्यतेची कसोटी उपयोगी पडते. कॉलसाइनची सुरुवातीची अक्षरे ज्या देशाला दिली आहेत त्या देशात तो चौकोन पडतो का? पुण्यातल्या केंद्राने स्वतःचा चौकोन एमके६८ सांगावा. त्याच्या कॉलसाइनची सुरुवात व्ही आणि यू यांनी असताना चौकोन अलास्कातला असेल तर शंका घ्यावी. त्याच वारंवारतेवर पुढच्या खिडकीत तो पुन्हा दिसतो का? ज्याला उत्तर दिले तो स्वतः ऐकू येतो का? ही झाली बाधक ज्ञानाची वाट, जी कुमारिलांनी दाखवली. पहिले ज्ञान स्वीकारले, पण दुसऱ्या ज्ञानाने त्याला बाध आला, म्हणून सोडले. यात कमीपणा काही नाही. कमीपणा तेव्हा, जेव्हा बाध दिसूनही ओळ वहीत उतरवली जाते, किंवा पीएसके रिपोर्टरसारख्या जाळ्यावर आपोआप पाठवली जाते आणि एका यंत्राचा भ्रम शेकडो लोकांच्या नकाशावर ठिपका बनतो.

आप्त कोण

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, आणि त्याचे उत्तर यंत्राकडे नाही. लहर आली, संदेश अचूक वाचला, पडताळणी जुळली. संदेशात लिहिलेला कॉलसाइन पाठवणाऱ्याचाच होता का? एफटी८मध्ये याचा कुठलाही पुरावा नसतो. कोणीही कोणाचाही कॉलसाइन टंकू शकतो, चौकोन हवा तो लिहू शकतो. बेरीज एवढेच सांगते, की जे पाठवले तेच पोचले. जे पाठवले ते खरे होते की नाही, हे ती सांगत नाही.

शब्द हे प्रमाण आहे की नाही, यावरही मतभेद आहेत. वैशेषिक आणि दिङ्नागांच्या परंपरेतले बौद्ध तर्कपंडित त्याला अनुमानात जमा करतात. न्यायदर्शन त्याला स्वतंत्र प्रमाण मानते, पण एका अटीवर: बोलणारा आप्त असला पाहिजे, म्हणजे जे आहे ते जाणणारा आणि जसे आहे तसे सांगू इच्छिणारा. माणसाच्या वाक्यात दोष येतात ते बोलणाऱ्याच्या दोषांमुळे, हे कुमारिलही मान्य करतात. या संकल्पनांचे बारकावे मराठी वाचकाला पाहायचे असतील, तर मुंबईत भीमाचार्य झळकीकरांनी रचलेला आणि पुढे १९२८ मध्ये वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी पुण्यात सुधारून काढलेला ‘न्यायकोश’ हा संस्कृत कोश आजही आधाराचा आहे.

हौशी रेडिओने आप्तत्वाची सोय यंत्राबाहेर, समाजात केली आहे. भारतात दूरसंचार विभागाची परीक्षा दिल्यावर परवाना मिळतो आणि त्याबरोबर कॉलसाइन. ऐकण्याच्या पलीकडे जाऊन लहर पाठवायची तर तो हवाच. आंतरराष्ट्रीय नियमही सांगतात, की वेगवेगळ्या देशांतल्या हौशी केंद्रांनी अर्थ लपवण्यासाठी संकेत वापरू नयेत. एफटी८ कितीही गुंतागुंतीची असली तरी तिची संपूर्ण रचना प्रसिद्ध आहे. कोणीही ऐकावे, कोणीही वाचावे. या उघडपणामुळे बोलणारा शेकडो अनोळखी साक्षीदारांसमोर बोलत असतो. तेवढ्याने तो आप्त ठरत नाही, पण खोटे बोलणे महाग होते. अंतिमतः विश्वास ठेवला जातो तो माणसावर आणि माणसांच्या एका परंपरेवर.

शेवटचा संदेश

न्यायदर्शनाप्रमाणे खरेपणा कृतीच्या यशाने ठरतो, आणि हौशी रेडिओत हे यश एका संवादाच्या रूपाने दिसते. पहिले केंद्र साद घालते. दुसरे आपला चौकोन सांगते. पहिले त्याला लहर किती जोरात पोचली ते कळवते. दुसरे तो अहवाल मिळाल्याचे सांगून आपला अहवाल देते. पहिले ‘मिळाले, निरोप’ असे कळवते. दीड मिनिटाच्या आत खरखरीच्या दोन टोकांवरच्या दोन अनोळखी माणसांना एकमेकांची नोंद पटलेली असते. पुढे क्यूएसएल कार्ड, म्हणजे संपर्काची लेखी पोच, किंवा संगणकावरच्या नोंदी जुळल्या, की कोणालाही शंका उरत नाही. तहान भागली, तेव्हा ते पाणीच होते.

तरीही एक कोडे उरते. ‘मिळाले’ हा पहिल्याचा संदेश दुसऱ्याला पोचला का? दुसऱ्याने ‘तुमचे मिळाल्याचे मिळाले’ असे कळवले, तर ते पोचले का? प्रत्येक पोचेला पोच हवी असेल, तर हा संवाद कधीच संपणार नाही. शास्त्रात याला अनवस्था म्हणतात. परतःप्रामाण्यावर मीमांसकांचा आक्षेप हाच होता: एक ज्ञान दुसऱ्याने तपासायचे, तर दुसरे कशाने तपासणार? नैयायिकांचे उत्तर असे, की तपासणी शंका असेल तिथे करायची, आणि शंकेलाही काही आधार लागतो. ‘न्यायकुसुमांजली’ लिहिणाऱ्या उदयनाचार्यांनी सांगितल्याप्रमाणे शंका तिथवरच चालते, जिथवर ती शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्याला खोटे पाडत नाही.

हौशी मंडळींनी या अनवस्थेवर कोणताही सिद्धांत न मांडता तोडगा काढला आहे. पहिले केंद्र ‘मिळाले, निरोप’ असे पाठवते, वहीत नोंद करते आणि बँडवर पुढच्या सादेकडे वळते. त्या शेवटच्या संदेशाची पोच त्याच्याकडे येईलच असे नाही, आणि तरीही तो संवाद झाला असे दोघेही मानतात. साधन तपासताना, दोष हुडकताना, खोटी ओळ ओळखताना पडताळणीची वाट धरावी लागते. शेवटच्या संदेशापाशी मात्र कोणीतरी पोचेशिवाय विश्वास ठेवतो तेव्हाच संवाद पूर्ण होतो, आणि तो विश्वास कुमारिलांनी सांगितलेला आहे.